वाचकांचे प्रश्न : यादवी युद्धातलं छोटंसं व्हरमाँट

गेल्या महिन्यात या सदरात लिंकनच्या १८६० च्या निवडणुकीबद्दल लिहिताना एक वाक्य येऊन गेलं होतं, की उत्तरेकडच्या व्हरमाँट नावाच्या छोट्या राज्यानं दर चार मतांपैकी तीन मतं लिंकनला दिली. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि ईमेल आलेत की या वेळचं अख्खं सदर व्हरमाँटलाच देतोय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : अमेरिकन यादवी युद्ध म्हटलं की न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया अशी मोठी नावं कानावर येतात. व्हरमाँटसारख्या एवढ्याशा राज्यामुळं खरंच काही फरक पडला का, की फक्त नावापुरता सहभाग?

फरक पडला, आणि चांगलाच पडला. आधी आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. १८६० च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या होती ३ लाख १५ हजार, सगळा डोंगराळ मुलुख, बहुतेक लोक शेतकरी, मोठं म्हणावं असं शहर एकही नाही, आणि त्यातून ३४ हजारांच्या आसपास माणसं युद्धात गेली. म्हणजे बायका, लेकरं, म्हातारेकोतारे सगळे धरून दर नऊ-दहा जणांमागे एक. त्यातले ५,२०० हून जास्त परत आलेच नाहीत. प्रत्यक्ष लढाईत किंवा लढाईच्या जखमांनी गेलेले साधारण १,८००, बाकीचे गोवर, टायफॉइड, जुलाब आणि दक्षिणेच्या कैदेत गेले. तेव्हाच्या सगळ्याच सैन्यात असं होत होतं, पण खेड्यातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या पोरांना छावणीतली गर्दी आणि घाण जास्त बाधायची.

राज्यानं एकूण १७ पायदळ पलटणी उभ्या केल्या, एक घोडदळाची, तोफखान्याच्या तीन बॅटऱ्या आणि शार्पशूटरच्या कंपन्या वेगळ्या. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेनं फोर्ट समटर किल्ल्यावर हल्ला करून युद्धाला तोंड फोडलं तेव्हा गव्हर्नर होते इरॅस्टस फेअरबँक्स, सेंट जॉन्सबरी गावातल्या वजनकाट्यांच्या मोठ्या कारखान्याचे एक मालक, अगदी व्यवहारी माणूस. त्यांनी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि विधिमंडळानं काही दिवसांत १० लाख डॉलर मंजूर केले, ते पण अशा राज्यात जिथं एक-एक डॉलर विचार करून खर्च व्हायचा. वर असंही ठरलं की व्हरमाँटच्या प्रत्येक सैनिकाला केंद्राच्या पगाराशिवाय राज्य महिन्याला ७ डॉलर जास्तीचे देईल. केंद्राचा साध्या शिपायाचा पगार तेव्हा ११ होता, मग १३ झाला, त्यामुळं हे ७ डॉलर म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती, मागं राहिलेल्या बायकोला शेतावर गडी लावता येईल एवढा आधार होता तो.

प्रश्न : "व्हरमाँट ब्रिगेड" असं वाचनात आलं. ब्रिगेडमध्ये तर वेगवेगळ्या राज्यांच्या पलटणी मिसळून ठेवायचे ना? मग ही एकाच राज्याची कशी, आणि त्याचा फायदा झाला की तोटा?

हा प्रश्न ज्यांनी विचारलाय त्यांचे मनापासून आभार, कारण मला वाटतं व्हरमाँटची सगळी गोष्ट इथंच आहे.

नेहमीची पद्धत मिसळण्याचीच होती, चार-पाच पलटणी, त्या वेगवेगळ्या राज्यांच्या, म्हणजे एका लढाईत एखादी ब्रिगेड कापली गेली तरी सगळा घाव एकाच राज्यावर बसू नये. पण सेंट ऑल्बन्सचे जनरल विल्यम स्मिथ, ज्यांना सैन्यात "बाल्डी" स्मिथ म्हणायचे, त्यांनी १८६१ च्या शरद ऋतूत आपल्या राज्याच्या दुसऱ्या ते सहाव्या अशा पाच पलटणी मुद्दाम एकत्र आणल्या. त्यांना वाटत होतं की एकमेकांना ओळखणारी माणसं जास्त चिवट लढतील. त्यांचं बरोबर निघालं, ही ब्रिगेड उत्तरेच्या पोटोमॅक सैन्यातल्या (व्हर्जिनियात लढणारं मुख्य सैन्य) सगळ्यात भरवशाच्या ब्रिगेडपैकी एक झाली. १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सैन्यभरतीविरुद्ध दंगली झाल्या त्यानंतर शहरात शांतता राखायला ज्यांना पाठवलं त्यात हीच माणसं होती.

पण किंमत बघा. पहिला हिवाळा व्हर्जिनियात कॅम्प ग्रिफिनला काढला तिथं एक गोळी न झाडता कितीतरी पोरं आजारानं गेली. मग २९ जून १८६२, रिचमंडजवळचं सॅव्हेजेस स्टेशन. पाचव्या व्हरमाँट पलटणीनं अर्ध्या तासाच्या आसपास दोनशेच्या वर माणसं मेलेली-जखमी अशी गमावली, म्हणजे रणात उतरलेल्यांपैकी निम्मी. त्यातली एक कंपनी मँचेस्टर गावची, त्या कंपनीत कमिंग्ज घराण्यातले पाच भाऊ, एक चुलतभाऊ आणि एक मेहुणा असे सात जण एका रांगेत होते. सातही जणांना गोळ्या लागल्या. सहा गेले, एकटा हेन्री वाचला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या दिवशी पुढं वाचलंच नाही. एकाच गावची माणसं एका कंपनीत, एकाच राज्याच्या पलटणी एका ब्रिगेडमध्ये, म्हणजे आपला भाऊ शेजारी उभा आहे म्हणून माणूस पळत नाही, आणि पळत नाही म्हणून दोघेही जातात.

यापेक्षा मोठा घाव ५ आणि ६ मे १८६४ ला बसला, विल्डरनेसच्या लढाईत. उत्तरेचे सरसेनापती जनरल ग्रँट रॅपिडन नदी ओलांडून दक्षिणेत शिरले होते आणि ब्रॉक रोड आणि ऑरेंज प्लँक रोड जिथं एकमेकांना छेदतात तो चौक दक्षिणेचे सेनापती ली यांच्या सैन्याच्या हाती पडला असता तर ग्रँटच्या सैन्याचे दोन तुकडे झाले असते. जनरल हॅनकॉक यांची कोअर (अनेक डिव्हिजन मिळून झालेली मोठी फौज) पोचेपर्यंत तो चौक धरून ठेवायचा होता, आणि ज्या एका डिव्हिजनला तिथं धावत पाठवलं त्यात व्हरमाँट ब्रिगेड होती, जनरल लुइस ग्रँटच्या हाताखाली (हे ग्रँट वेगळे, व्हरमाँटचे वकील). जंगल असं दाट की समोरचा माणूस दिसत नाही, फक्त बंदुकीच्या ज्वाळा दिसतात, तोफा आत नेता येत नाहीत, उभं राहिलं की मरण, म्हणून पालथं पडून गोळ्या झाडायच्या आणि तसेच तासन् तास. दुसऱ्या पलटणीचे कर्नल न्यूटन स्टोन यांना आधी जखम झाली, ती बांधून घेऊन ते परत रांगेत आले आणि तिथंच गेले. सहाव्या पलटणीचे कर्नल एलिशा बार्नी जखमेनं काही दिवसांत गेले. सुक्या झाडोऱ्याला आग लागली आणि ज्यांना सरकता येत नव्हतं ते जखमी त्यात सापडले. चौक मात्र हातचा गेला नाही.

दोन दिवसांत ब्रिगेडचे १,२३४ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि ब्रिगेड होती साधारण २,८५० ची. त्यातले हजाराच्या आसपास तर पहिल्याच दुपारी. आता हा आकडा पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात पसरला असता तर तो आकडाच राहिला असता, पण व्हरमाँटमध्ये तो खेड्याखेड्यात उतरला, पुढचे कितीतरी दिवस तिथली वर्तमानपत्रं नावांच्या याद्या छापत होती, आणि त्या याद्या वाचणाऱ्यांना एकूण एक आडनाव ओळखीचं होतं. युद्ध संपल्यावर हिशोब झाला तेव्हा उत्तरेच्या सगळ्या सैन्यात लढाईत आणि जखमांनी सगळ्यात जास्त माणसं गमावलेली ब्रिगेड हीच निघाली, ११७२.

तेवढ्यावर संपलं नाही. २३ जून १८६४ ला पीटर्सबर्गजवळ वेल्डन रेल्वेलाइनवर चौथ्या आणि अकराव्या पलटणीतले चारशेच्या आसपास लोक वेढले गेले आणि पकडले गेले. त्यातल्या बऱ्याच जणांना जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल तुरुंगछावणीत नेलं, आणि काही महिन्यांत पकडलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं भूक आणि रोगानं गेली.

फायदा की तोटा असं विचारलंत ना? सैन्याला फायदा, राज्याला तोटा, असं मी सरळ म्हणेन. तो चौक गेला असता तर काय झालं असतं हे माहीत असूनही मला वाटतं की एवढ्या लहान राज्याची माणसं अशी एका जागी गोळा करणं हा त्या राज्यावर अन्याय होता.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, त्याला गेटिसबर्गबद्दल प्रोजेक्ट करायचंय. व्हरमाँटच्या नवशिक्या सैनिकांनी पिकेटचा हल्ला मोडला असं त्यानं कुठंतरी वाचलंय. खरं आहे का?

एकट्यांनी मोडला म्हणणं जास्तीचं होईल, पण त्यांचा वाटा फार मोठा होता, हे त्यानं बिनधास्त लिहावं.

ही वरची ब्रिगेड नव्हे, दुसरी. १८६२ च्या शेवटी फक्त ९ महिन्यांसाठी भरती झालेल्या पाच पलटणी, बाराव्या ते सोळाव्या. वॉशिंग्टनच्या आसपास पहारा देण्यात त्यांचा बहुतेक काळ गेला, आणि त्यातही एक नामुष्की पदरात, मार्च १८६३ मध्ये त्यांचे तरुण जनरल स्टॉटन यांना दक्षिणेच्या मॉस्बीनं रात्री बिछान्यातून उठवून पकडून नेलं. मग आले जॉर्ज स्टॅनर्ड, सेंट ऑल्बन्सचे, ओतकामाच्या कारखान्यातले, अतिशय शांत डोक्याचे. गेटिसबर्गला ही ब्रिगेड रोज मैलोन्मैल चालून १ जुलैच्या संध्याकाळी पोचली, तेव्हा त्यांची घरी जायची तारीख काही आठवड्यांवर आली होती. जुन्या पलटणींना त्यांच्याबद्दल फारसा भरवसा नव्हता.

३ जुलैला दुपारी तोफांचा भडिमार थांबला आणि दक्षिणेचे १२ हजारांच्या वर सैनिक उघड्या मैदानातून चालत आले, हाच पिकेटचा हल्ला. त्यांची उजवी बाजू म्हणजे केम्परची ब्रिगेड व्हरमाँटवाल्यांच्या बरोबर समोर आली आणि मग डावीकडे वळून त्यांच्यासमोरून आडवी सरकायला लागली. स्टॅनर्डना दिसलं की शत्रूची कूस उघडी पडलीय. त्यांनी तेराव्या आणि सोळाव्या पलटणीला रांग सोडून पुढं काढलं आणि दार बिजागरीवर फिरतं तसं अख्ख्या रांगेला काटकोनात फिरवलं, मग अगदी जवळून, बाजूनं, गोळ्या. एकदा बाजूनं मार सुरू झाला की कितीही शूर रांग असो, टिकत नाही. ते होतंय तोवर दक्षिणेच्या आणखी दोन ब्रिगेड, विलकॉक्स आणि लँगच्या, मागून येताना दिसल्या, तेव्हा कर्नल व्हीझींच्या सोळाव्या पलटणीला परत पाठमोरं फिरवून त्यांच्या कुशीवर सोडलं, सोबत चौदाव्या पलटणीतले काही. धूर, आवाज, जखमी यांच्यामध्ये रांग दोनदा फिरवायची हे मुरलेल्या सैनिकांनाही अवघड जातं, ही पोरं तर पहिलीच मोठी लढाई लढत होती. मुलाला कागदावर आकृती काढायला सांगा, चटकन समजेल.

स्टॅनर्डना मांडीत तोफगोळ्याचा तुकडा लागला तरी लढाई संपेपर्यंत ते हलले नाहीत. गेटिसबर्गच्या मैदानावर व्हरमाँटचं उंच स्मारक आहे त्यावर त्यांचा पुतळा आहे, त्यात उजवा हात नाही. तो हात गेटिसबर्गला नाही गेला, तो सप्टेंबर १८६४ मध्ये फोर्ट हॅरिसनला गेला, प्रोजेक्टमध्ये हे नक्की लिहा कारण बरेच लोक इथं गल्लत करतात.

आणि त्याच संध्याकाळी मैदानाच्या दक्षिण टोकाला व्हरमाँटच्या घोडदळाला जनरल फार्न्सवर्थसोबत खडकाळ, कुंपणांनी भरलेल्या जागेत हल्ला करायला लावलं होतं, त्याचा लढाईला काही उपयोग झाला नाही, फार्न्सवर्थ गेले, कितीतरी घोडेस्वार गेले. पिकेटच्या गोष्टीपुढं त्यांची आठवण कुणाला राहत नाही.

प्रश्न : व्हरमाँटनं १७७७ मध्येच गुलामगिरी बंद केली होती असं अभिमानानं सांगतात. मग तिथले लोक खरंच गुलामगिरीविरुद्ध लढायला गेले होते का, की फक्त देश एकत्र राहावा म्हणून?

दोन्ही, आणि माणसागणिक वेगळं. १७७७ चं आधी सांगतो. तेव्हा व्हरमाँट अमेरिकेत सामीलही झालं नव्हतं, ते १७९१ मध्ये चौदावं राज्य म्हणून आलं. विंडसर गावात त्यांनी आपली घटना केली आणि त्यात लिहिलं की २१ वर्षांवरच्या पुरुषाला आणि १८ वर्षांवरच्या बाईला गुलाम म्हणून ठेवता येणार नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही घटनेत असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं. पण वाक्य नीट वाचलं की दिसतं, त्या वयाखालच्या लेकरांचं काय ते उघडंच राहिलं. ही फट राज्याच्या घटनेतून पूर्ण काढायला २०२२ ची मतदानाची तारीख उजाडावी लागली.

प्रत्यक्षातही पळवाटा होत्या. त्याच विंडसरमध्ये स्टीफन जेकब नावाच्या माणसानं १७८३ मध्ये डायना नावाच्या काळ्या बाईला विकत घेतलं. ती म्हातारी, आजारी झाली तेव्हा तिचा भार गावावर पडला. १८०२ मध्ये गावानं खटला भरला की खर्च जेकबनं द्यावा. कोर्टानं सांगितलं, व्हरमाँटमध्ये कुणी कुणाचा मालक असूच शकत नाही, त्यामुळं खरेदीखत पुरावा म्हणून चालणार नाही. तत्त्व म्हणून निकाल किती स्वच्छ, पण त्याचा अर्थ असा झाला की आयुष्यभर राबवून घेणारा सुटला. आणि हा जेकब स्वतः त्याच कोर्टाचा न्यायाधीश होता, या खटल्यापुरता तो बाजूला बसला होता. डायनाला यातून काय मिळालं हा विचार मला राहून राहून सतावतो.

आता युद्धातलं. मे १८६१ मध्ये पहिली व्हरमाँट पलटण कर्नल जॉन फेल्प्सच्या हाताखाली व्हर्जिनियात फोर्ट मन्रोला होती. २३ मे ला ते हॅम्पटन गावात फेरी मारून आले आणि त्याच रात्री तीन गुलाम माणसं, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड, होडीतून किल्ल्यावर आली. किल्ल्याचे सेनापती जनरल बटलर यांनी त्यांना परत द्यायला नकार दिला, आणि त्यानंतर हजारोंनी लोक उत्तरेच्या छावण्यांकडं यायला लागले.

फेल्प्स पुढं जनरल होऊन लुइझियानात गेले. कडवे गुलामगिरीविरोधी. न्यू ऑर्लिन्सजवळ कॅम्प पॅरापेटला पळून आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आसरा दिला, त्यांच्या कंपन्या केल्या, कवायत सुरू केली आणि बटलरकडं बंदुका मागितल्या. बटलर म्हणाले, त्यांना झाडं तोडायला लावा. फेल्प्सनी ऑगस्ट १८६२ मध्ये राजीनामा दिला आणि घरी निघून आले, गुलामांचा मुकादम होण्यासाठी आपण सैन्यात आलो नाही हीच त्यांची भूमिका होती. दक्षिणेच्या सरकारनं तर त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं. सरकारला काळे सैनिक हवेत हे पटायला पुढं काही महिनेच लागले, पण तोवर फेल्प्स बाहेर पडले होते. माझ्या मते या युद्धात व्हरमाँटनं दिलेला सगळ्यात सरळ माणूस हा.

आणि लाउडन लँग्ली. हाइन्सबर्गचा काळा शेतकरी. व्हरमाँटमध्ये तेव्हा काळे लोक हजारसुद्धा नव्हते, तरी त्यातले कितीतरी जण युद्धात गेले, पण व्हरमाँटच्या पलटणींमध्ये नाही, मॅसॅच्युसेट्सच्या चोपन्नाव्या पलटणीत आणि अशाच दुसऱ्या काळ्या पलटणींत. लँग्ली तिथं गेला तर १३ डॉलरऐवजी १० आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून ७ हातात. पलटणीनं तो पगार घ्यायलाच नकार दिला, महिनोन्महिने फुकट लढले, आणि लँग्ली वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत राहिला की हे चुकीचं आहे. काँग्रेसनं जून १८६४ मध्ये पगार सारखा केला. युद्धानंतर लँग्ली साउथ कॅरोलायनात राहिला आणि १८६८ मध्ये त्या राज्याची नवी घटना लिहिणाऱ्या सभेत प्रतिनिधी म्हणून बसला, ज्या राज्यानं सगळ्यात आधी देश सोडला होता त्याच राज्यात. व्हरमाँटचं नाव घेताना स्टॅनर्ड जितका आठवतो तितकाच हा आठवला पाहिजे.

प्रश्न : पहाऱ्यावर झोपलेल्या शिपायाला गोळी घालणार होते आणि लिंकन स्वतः बग्गीतून येऊन त्याला वाचवतात, ही गोष्ट व्हरमाँटचीच ना? खरी आहे?

शिपाई खरा, बग्गी कवितेतली. विल्यम स्कॉट, ग्रोटन गावचा, तिसरी पलटण. ऑगस्ट १८६१ च्या शेवटी वॉशिंग्टनजवळ चेन ब्रिजला पहाऱ्यावर झोपलेला सापडला, मृत्युदंड झाला. त्याच्या सोबत्यांनी, अधिकाऱ्यांनी रदबदली केली, ती लिंकनपर्यंत पोचली, आणि माफीचा हुकूम सेनापती मॅक्लेलनच्या नावानं निघाला त्यात राष्ट्राध्यक्षांची इच्छा असल्याचं लिहिलं होतं. ठार मारायला ओळीत उभं केलं तिथं तो वाचून दाखवला. स्कॉट पुढं १६ एप्रिल १८६२ ला लीज मिल्सला वॉरविक नदीच्या पाण्यातून पलीकडं गेलेल्या चार कंपन्यांमध्ये होता, तिथं तो मारला गेला. त्या १९२ जणांना मदत पाठवलीच नाही, जवळपास निम्मे पडले. ही चूक वरच्या अधिकाऱ्यांची होती आणि स्कॉटच्या माफीची गोष्ट सांगताना लोक ती विसरतात.

याच पलटणीत सेंट जॉन्सबरीचा विली जॉन्स्टन होता, ढोल वाजवणारा, वय ११. रिचमंडजवळच्या सेव्हन डेज नावाच्या लढायांतल्या माघारीत मोठी माणसं बंदुका टाकून पळत होती तेव्हा त्यानं ढोल सोडला नाही. १८६३ मध्ये त्याला मेडल ऑफ ऑनर हे सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं तेव्हा तो १३ वर्षांचा होता, आजवरचा सगळ्यात लहान.

प्रश्न : व्हरमाँट तर कॅनडाला टेकलेलं, तिथं युद्ध कधी पोचलंच नसेल ना?

पोचलं की. १९ ऑक्टोबर १८६४. दक्षिणेचे वीस-एकवीस सैनिक साध्या कपड्यांत, दोघं-तिघं करून कॅनडातून सेंट ऑल्बन्समध्ये येऊन उतरले होते, म्होरक्या बेनेट यंग, केंटकीचा, विशीतला. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी एकाच वेळी तीन बँका लुटल्या, लोकांना गावच्या हिरवळीवर गोळा करून ठेवलं, गावाला आग लावायला ज्वालाग्राही द्रवाच्या बाटल्या फेकल्या पण त्या नीट पेटल्या नाहीत, आणि लोकांचेच घोडे घेऊन साधारण २ लाख ८ हजार डॉलरसह सीमेपलीकडं पळाले. एक माणूस गोळी लागून गेला. गावातली धडधाकट माणसं बहुतेक युद्धावर. गव्हर्नर ग्रेगरी स्मिथ यांचं घर याच गावात, ते राजधानी माँटपिलियरला होते, तर त्यांच्या बायको अ‍ॅन एलायझा हातात रिकामं पिस्तूल घेऊन दारात उभ्या राहिल्या असं सांगतात.

कॅनडानं यातल्या बऱ्याच जणांना पकडलं पण अमेरिकेच्या ताब्यात दिलं नाही, हे युद्धातलं कृत्य आहे असं तिथल्या कोर्टाचं मत पडलं, सापडलेले ८८ हजार डॉलर तेवढे परत आले. दोन देशांत प्रचंड तणाव झाला.

पण मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते तारखेचं. त्याच १९ ऑक्टोबरला, पहाटे, व्हर्जिनियात सीडर क्रीकला दक्षिणेनं धुक्यातून अचानक हल्ला केला आणि आठव्या व्हरमाँट पलटणीला आणखी एक-दोन पलटणींसोबत पुढं पाठवलं, बाकीच्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. कर्नल स्टीफन थॉमस यांची ही पलटण झेंड्याभोवती हातघाईवर लढली आणि दोन तृतीयांशाच्या आसपास माणसं गमावली. दुपारनंतर उत्तरेचे सेनापती शेरिडन यांनी सैन्य परत उभं केलं आणि लढाई जिंकली. म्हणजे सकाळी व्हर्जिनियात व्हरमाँटची माणसं पडत होती आणि दुपारी त्यांच्या मागं राहिलेल्या गावात बँका लुटल्या जात होत्या.

प्रश्न : सैनिकांचंच सगळं बोलताय. घरी राहिलेल्यांचं काय?

रास्त तक्रार आहे. शेतं बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी चालवली. दक्षिणेचा कापूस बंद झाल्यामुळं लोकरीला भाव आला आणि मेरिनो मेंढ्या पाळणाऱ्यांच्या हातात पैसा खेळला. मॉर्गन जातीचे घोडे घोडदळाला गेले. विंडसरमध्ये युद्धाच्या काळात सरकारसाठी रायफली बनल्या, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथली यंत्रं. सुटे भाग एकसारखे कापणारी यंत्रं हे विंडसरचं जुनं कौशल्य, ब्रिटिश सरकारनं एनफिल्डच्या कारखान्यासाठी १८५० च्या दशकात तिथूनच यंत्रं नेली होती. ब्रॅटलबरो गावचे, राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर होलब्रुक यांनी आग्रह धरून राज्यातच सैनिकी इस्पितळ उभं करून घेतलं, म्हणजे जखमी पोरांना गर्दीच्या, रोगट इस्पितळांतून उचलून घरच्या हवेत आणता येईल. व्हरमाँटचेच खासदार जस्टिन मॉरिल, लोहाराचा मुलगा, यांचा कायदा जुलै १८६२ मध्ये लिंकननं सही केला, सरकारी जमिनी देऊन शेती आणि तंत्रशिक्षणाची कॉलेजं काढायचा. युद्ध ऐन भरात असताना एवढ्या लांबचा विचार करणारी माणसं त्या सभागृहात होती.

सगळेच मात्र उत्साहात नव्हते. १८६३ मध्ये सक्तीची भरती आली तेव्हा वेस्ट रटलंडच्या संगमरवराच्या खाणीतले आयरिश मजूर अंगावर धावून गेले. ३०० डॉलर भरले की सुटका, ते पैसे मजुरानं कुठून आणायचे? त्यांचा राग मला पूर्ण समजतो.

प्रश्न : मुलीकडं बर्लिंग्टनला ऑक्टोबरमध्ये जाणार आहोत. यातलं बघण्यासारखं काय आहे?

माँटपिलियरला राज्याच्या विधानभवनात सीडर क्रीकच्या लढाईचं भलंमोठं चित्र आहे, ज्युलियन स्कॉटनं काढलेलं. हा स्कॉट तिसऱ्या व्हरमाँट पलटणीत मुलगा म्हणून गेला होता, लीज मिल्सला गोळ्या चालू असताना नदीतून जखमींना ओढून आणल्याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं, मग चित्रकार झाला. चित्रातले चेहरे खऱ्या माणसांचे आहेत, घाई न करता बघा. बर्लिंग्टनच्या दक्षिणेला फेरिसबर्गला रोकबी म्हणून क्वेकर पंथाच्या रॉबिन्सन कुटुंबाचं घर आहे, गुलामगिरीतून पळून आलेल्या माणसांना त्यांनी तिथं ठेवून घेतलं, काम आणि मजुरी दिली, आता ते म्युझियम आहे. उत्तरेला सेंट ऑल्बन्समध्ये ती हिरवळ अजून आहे, टेलर पार्क नावानं. विंडसर लांब पडेल, पण यंत्रांची आवड असेल तर तिथल्या जुन्या शस्त्र कारखान्याच्या इमारतीतलं म्युझियम चुकवू नका. यातल्या काही जागा हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळं निघण्याआधी वेळा बघून घ्या, आणि रोकबीला निदान अर्धा दिवस ठेवा.